आवाज स्वच्छ आहे

सौंसर
६ जानेवारी २०२५

श्री. यशवंतराव घागरे यांना कलाबाई कामडीचा नमस्कार.

बारा वर्षं व्याही म्हणून तुम्हाला इवाईबुवा म्हटलं. पंकज-दामिनीच्या फारकतीचा कोर्टाचा कागद आल्यापासून काय म्हणावं ते कळत नाही, म्हणून नाव लिहिलं.

शनिवारी तुम्ही पाठवलेली गाडी आली. दामिनीचं कपाट, पलंग, भांडी, शिलाई मशीन, सगळं गेलं. पंकज बोरगावला शिफ्टवर होता. मीच उभी राहून चढवून दिलं. टीव्ही राहिला. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, हा डबा चार माणसांचा आहे. सेठ याच्याबद्दल काही बोलले नाही." मी म्हटलं, विचारते.

तुम्हाला फोन केले. एकदा उचलला, "हॅलो, हॅलो" म्हणाले आणि मी बोलत असतानाच ठेवून दिला. मी समजून गेली. मुलामुलीचं मोडल्यावर मोठ्यांनी तरी कोणत्या तोंडानं बोलावं? पण वस्तू तुमची आहे. विचारणं माझं काम.

दुसरं असं की कपाट गेल्यापासून टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यात जांभळा डाग दिसून राहिला. बातम्या देणाऱ्या बाईचा एक खांदा जांभळा दिसतो. कपाटाच्या जागी पंकजनं गाण्याचा मोठा स्पीकर ठेवला, बाकी काही बदललं नाही.

पंकज म्हणतो, "देऊन टाक ना त्यांचं. कायले ठेवतं?" मी अजून हो म्हटलं नाही. तो दिवसभर घरी नसतो. यांना जाऊन चार वर्षं झाली. संध्याकाळी घरात दुसरं कोणी हलत नाही.

कलाबाई


पांढुर्णा
१५ जानेवारी २०२५

श्रीमती कलाबाई कामडी यांस,
स. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुम्ही नाव लिहिलं, म्हणून मीही नाव लिहितो.

सेट माझा नाही. दिलेली वस्तू आहे. तरी पंकजरावांना नकोच असेल तर नेईन, पण माझ्या देखत हलवा. काचेची ट्यूब समोरून जड असते. लोक चुकीच्या बाजूनं उचलतात.

डाग स्पीकरमुळे आहे. त्याच्यात चुंबक असतं. स्पीकर दूर करा. सेट पूर्ण बंद ठेवून थोड्या वेळानं लावा. असं काही दिवस केलं की डाग जाईल.

फोन मी हल्ली उचलत नाही. दुकानात गिऱ्हाइकांची गडबड असते. राग वगैरे काही नाही. पत्र बरं.

तुम्हाला आठवत असेल, लग्नात लोक हसले होते. सगळीकडे चपटे टीव्ही आले होते आणि मी मुलीला डबा दिला. "टीव्हीवाल्याच्या पोरीले गोडाऊनचा माल," असं मांडवात कोणी तरी म्हणालं. मी ऐकलं होतं. तो गोडाऊनचा माल नव्हता. जपानच्या कंपनीनं ट्यूब बंद करायचं ठरवल्याचं कळलं तेव्हा शेवटच्या खेपेतला एक सेट मी खोका न फोडता दामिनीसाठी ठेवला होता. तसा माल नंतर आला नाही.

फार वर्षांपूर्वी नागपूरला डीलरांच्या सभेत कंपनीचे एक जपानी इंजिनियर आले होते. एका गिऱ्हाइकाची तक्रार होती, सेट घेऊनच आला होता. त्यांनी चित्राकडे पाहिलं नाही. डब्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, आत एक स्क्रू सैल आहे. होता. मी तेव्हापासून दुसऱ्या कंपनीचा सेट विकला नाही. सगळ्यांनी विकले.

डाग गेला का, कळवा.

यशवंतराव


सौंसर
२१ फेब्रुवारी २०२५

श्री. यशवंतराव यांना नमस्कार.

डाग गेला. स्पीकर पंकजच्या खोलीत ठेवला. तो कुरकुरला, पण ठेवला.

आता दुसरंच झालं. परवापासून चित्र येत नाही. मधोमध एक पांढरी रेघ येते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आवाज मात्र चालू आहे. मी रेघेकडे पाहत भजनं ऐकली. शेजारची भाग्यश्री आली आणि म्हणाली, "काकू, काय पाहून राहिल्या?" मी म्हटलं, "रेघ."

इथं दुरुस्ती करणारा होता, त्यानं आता मोबाईलचं दुकान टाकलं. तो म्हणाला, "मावशी, याचे पार्ट भंगारातबी भेटत नाही."

तुम्हाला जमत असेल तर पाहा. नसेल तर पंकज म्हणतो तसं करू.

कलाबाई


पांढुर्णा
२८ फेब्रुवारी २०२५

कलाबाई यांस नमस्कार.

आयसी, म्हणजे चित्र पसरवणारी आतली चिप, गेला आहे. माझ्याकडे जुने सेट पडले आहेत, त्यातला एक आयसी काढून ठेवला. होळीनंतर येतो. तोपर्यंत सेट लावू नका, रेघेनं ट्यूब जळते.

दामिनीला कळवण्याची गरज नाही.

यशवंतराव


सौंसर
२३ मार्च २०२५

श्री. यशवंतराव यांना नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोचले असाल. मी दारातच उभी होती बस वळेपर्यंत.

तुम्ही आले तेव्हा मी स्वयंपाकघरातून दोनतीनदा काही विचारलं. तुम्ही कामात होते. मग मी चहा समोर आणून ठेवला. तुम्ही डब्याच्या आत इतके वाकले होते की मला भीती वाटत होती. सगळा सापळा मागे ओढून तुम्ही बाहेर काढला, तेव्हा आतली धूळ पाहून मला लाज वाटली. यांच्या वेळची धूळ असेल. ते संत्र्याचे भाव पाहायचे आणि तंबाखू मळायचे.

चित्र फार सुंदर आलं. पानाची शीर दिसते. रात्री पंकज आला, त्यानं दारातच थांबून पाहिलं, मग हातपाय धुवायला गेला. त्याच्यासाठी तेवढं पुष्कळ.

आवाज स्वच्छ आहे.

एक ठरवलं. तुम्हाला आता फोन करणार नाही, पत्रच लिहीन. पत्रात माणूस घाई करत नाही. बातम्या देणारी बाई किती घाई करते. आता मी तिच्याकडे न पाहता खालची पट्टी वाचते. तिच्यात सगळं येतं.

पुन्हा काही बिघडलं तर कळवीन.

कलाबाई


पांढुर्णा
११ मे २०२५

कलाबाई यांस नमस्कार.

बऱ्याच दिवसांत पत्र नाही, म्हणजे सेट चांगला चालला आहे असं समजतो. आवाजात काही खरखर नाही ना? आयसी बदलल्यावर कधीकधी येते. जरूर कळवा.

उन्हाळा फार आहे. दुपारी बाजारात कुत्रंही नसतं. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून स्टेशनच्या रस्त्यावर काचेची दुकानं वाढली. तिथं भिंतीएवढे टीव्ही लावलेले असतात, सगळ्यांवर एकच समुद्र.

नागपूरहून कंपनीचा सुमेध आला होता. चांगला मुलगा आहे. त्यानं मोबाईलवर लिहून दाखवलं की जपानमध्ये कंपनीनं टीव्हीचं काम दुसऱ्या देशातल्या कंपनीला देऊन टाकलं. आधी तैवानवाले स्वस्त काच बनवू लागले, मग कोरियावाले, मग चीनवाले. जपानवाल्यांनी बरीच वर्षं तोटा सोसला. नाव तेच राहणार आहे. खोका तोच, अक्षरं तीच, लाल रंगसुद्धा तोच. आतला माल दुसऱ्यांचा.

मी एक उघडून पाहिला. आत दोन सर्किटच्या पाट्या आहेत, बाकी पोकळ. बिघडला तर पाटी बदलायची. माझ्यासारख्याला हात घालायला जागा नाही. मी त्याला म्हटलं, "मग दुकानाच्या पाटीवर अधिकृत विक्रेता लिहिलंय त्याचं काय करायचं?" त्यानं लिहिलं, "राहू द्या ना काका. नाव तर तेच आहे."

खोटं नाही ते. पण मला झोप आली नाही.

दामिनी भोपाळला बोलावते आहे. तिच्या बँकेनं तिला मोठं घर दिलं आहे. ती म्हणते, बाबा, दुकानात येतं कोण? बरोबर आहे. पूर्वी लिहिलं होतं की गिऱ्हाइकांची गडबड असते. तसं नाही. शेजारचा प्रफुल्ल मिठाईवाला खुर्ची घेऊन येऊन बसतो, तेवढंच.

तुम्हाला सांगायला हरकत नाही. मी विकलेल्या ट्यूबच्या सेटांपैकी चालू असलेला माझ्या माहितीत एकच उरला, तो तुमच्याकडचा. तो चालतो आहे आणि माझ्या हातानं चालतो आहे, तोवर दुकान उघडायला मला तोंड आहे. म्हणून आवाजाचं विचारतो. माझ्या हातून काम नीट झालं की नाही, ते मला दुसरं कोणी सांगणार नाही.

यशवंतराव


सौंसर
८ सप्टेंबर २०२५

श्री. यशवंतराव यांना नमस्कार.

तुमच्या पत्राला उशीर झाला. चार वेळा लिहायला बसली.

आवाजाचं विचारलं तुम्ही. आवाज स्वच्छ आहे. खरखर नाही.

पोळ्याला आता बैल नाहीत. पंकजनं ट्रॅक्टरला हार घातला. तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या दगडफेकीला बाजार बंद असेल, तुम्ही घरातच राहिले असाल अशी आशा करते.

बातमी आहे. ती दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मी सांगते. पंकजचं जमलं. मोहगावची मुलगी आहे, ऋतुजा. तिचंही पहिलं मोडलेलं आहे. बोलायला मोकळी आहे. पाहायला आली तेव्हा सगळं घर फिरून पाहिलं. टीव्हीपाशी थांबली आणि म्हणाली, "अय्या, असा आमच्या आजोबांकडे होता." वाईट मनानं नाही म्हणाली.

पण रात्री पंकज बोलला. मी लिहिते जसंच्या तसं.

"आई, ती घरात येईन आणि समोर माझ्या पहिल्या सासऱ्याचा टीव्ही. बरं दिसते काय?"

मी म्हटलं, "टीव्हीवर काय सासऱ्याचं नाव लिहिलंय?"

"गावाले मालूम आहे ना."

"चालून तर राहिला तो."

"काय चालून राहिला? काय आहे त्या डब्यात आता?"

मी म्हटलं, "चित्र आहे."

त्यानं टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "तू बी ना आई," आणि झोपायला गेला. त्यानं नवा टीव्ही सांगून ठेवला आहे. दिवाळीनंतर येणार.

माझ्या मनात जे आहे ते लिहिते. हा डबा गेला की आपल्या दोन घरांत काही उरत नाही. मुलं आपापल्या वाटेनं गेली, ते बरं झालं. पण तुम्हाला पत्र टाकायला मग मी कोणतं निमित्त सांगू? कोण कोणाचं म्हणून लिहू? तुम्ही म्हणाले होते त्याचं चालणं तुम्हाला पाहिजे. मलाही पाहिजे. पंकज ऐकत नाही, आणि त्याचंही चूक नाही.

तुम्ही सांगा काय करू.

कलाबाई


पांढुर्णा
१९ सप्टेंबर २०२५

कलाबाई यांस नमस्कार.

पंकजरावांचं जमलं, चांगलं झालं. मनापासून लिहितो आहे.

सेट पाठवून द्या. सुनेच्या डोळ्यांसमोर तो नको. तिची जागा तिला मिळू द्या.

नेताना काच गाडीच्या पुढच्या बाजूला ठेवा. मी यायला हवं होतं, पण आता मी तिथं येणं बरं दिसणार नाही.

तुम्ही निमित्ताचं विचारलं, त्यासाठी हा कागद दोन दिवस उघडा ठेवला होता.

यशवंतराव


सौंसर
६ नोव्हेंबर २०२५

श्री. यशवंतराव यांना नमस्कार.

संत्र्याची गाडी तुमच्याकडच्या मंडीत येत आहे, तिच्यात टीव्ही ठेवला. गजेंद्र गाडी चालवतो, आमच्याच भावकीतला आहे, जपून आणेल. क्रेटला लावतात ते तणस चारी बाजूंनी भरलं आहे. काच पुढे ठेवायला सांगितलं. तणसात काही संत्री आहेत, ती बागेतली, विकायची नाहीत.

उचलायला चार माणसं लागली. ड्रायव्हर त्या वेळी खरं बोलला होता.

एक विनंती आहे. मागचं झाकण उघडू नका. चालू स्थितीत आहे. आहे तसा कोपऱ्यात ठेवा, वर कपडा टाका. ऐका माझं.

भिंतीवर जिथं उजेड पडायचा तिथं चौकोन राहिला आहे. पंकज रंग देणार आहे.

कलाबाई


पांढुर्णा
३ डिसेंबर २०२५

कलाबाई यांस नमस्कार.

सेट नीट पोचला. संत्री गोड होती. प्रफुल्लनंही खाल्ली.

तुम्ही नको म्हणाल्या होत्या, पण मी झाकण उघडलं. सेट दुकानात आला की आधी उघडून धूळ काढायची ही सवय आहे, आणि तो मला नीट करून ठेवायचा होता. लगेच नाही उघडला. तुमचं पत्र वाचून थांबलो. मग राहवलं नाही.

सेटमधल्या स्पीकरच्या वायरची पांढरी पिन मोकळी लोंबत होती.

मार्चमध्ये सापळा मागे ओढताना मीच ती काढली होती. परत लावली नाही. झाकणाच्या स्क्रूंवर मी लाल रंगाचा ठिपका देतो, तो तसाच होता. म्हणजे माझ्यानंतर कोणी हात लावला नाही. होळीपासून तो सेट मुका आहे आणि तुम्ही दोनदा लिहिलं की आवाज स्वच्छ आहे.

मला ऐकू येत नाही. हळूहळू कमी होत होतं. गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर पूर्ण गेलं. कानात मशीन घालून पाहिलं, डोक्यात नुसती गिरणी चालते. दामिनीला माहीत आहे. गावात सांगितलं नाही. बहिऱ्याकडे कोण टीव्ही आणेल? तसंही कोणी आणत नव्हतं, पण माणूस जपतो. तुमचा तो फोन मी उचलला होता, तुमचं नाव दिसलं म्हणून. काही ऐकू आलं नाही म्हणून ठेवला.

पिन लावली. सेट चालू केला आणि प्रफुल्लला विचारलं, आवाज आहे का? विचारताना माझ्या लक्षात आलं की मी त्याच्या तोंडाकडे पाहतो आहे. तुमच्याकडेही असंच पाहिलं असणार. त्यानं मान डोलावली. आता त्याच्या मानेवर विश्वास ठेवायचा की नाही, मला ठरवता आलं नाही. मग मी डब्यावर तळहात ठेवला. डबा थरथरत होता. आवाज आहे.

तुम्ही का लिहिलं तसं? कीव आली असेल तर तसं सांगा. मी रागावणार नाही. पण घर बोलतं राहावं म्हणून तुम्ही तो ठेवला होता, आणि इतके महिने मुक्या डब्यासमोर बसल्या.

दुकानाची पाटी उतरवली. तिच्यामागे भिंतीवर चिमण्यांचं घरटं होतं, रिकामं. संक्रांतीनंतर भोपाळला जातो. सेट प्रफुल्लच्या दुकानात ठेवतो. तो मिठाईपेक्षा क्रिकेट जास्त पाहतो.

यशवंतराव


सौंसर
२० डिसेंबर २०२५

इवाईबुवा,

यापुढे हेच लिहीन. कोर्टानं मुलांचं मोडलं, आपल्याला काही विचारलं नव्हतं.

कीव नव्हती. जे झालं ते सांगते.

त्या दिवशी तुम्ही झाकण लावलं, सेट चालू केला. चित्र आलं. बाई बोलत होती आणि खोलीत पंख्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. तुम्ही विचारलं, "आवाज ठीक आहे ना?" मला वाटलं तुम्ही थट्टा करून राहिले. मी हसणारच होती. तेवढ्यात पाहिलं, तुम्ही टीव्हीकडे पाहतच नव्हते. माझ्या ओठांकडे पाहत होते. कपाळावर घाम होता, हातात पेचकस तसाच धरलेला.

मला एका क्षणात सगळं समजलं. स्वयंपाकघरातून हाका मारल्या त्या. आणि फोन. तुम्ही रागावले नव्हते. तुम्हाला नुसतं ऐकू येत नव्हतं. अडीच महिने मी धरून बसली होती की यशवंतरावांनी माझं तोंड बंद केलं. ते ओझं असं खाली पडलं की आवाज गेल्याचं मला काही वाटलंच नाही. मी हो म्हटलं. मान चांगली हलवून म्हटलं, तुम्हाला दिसावं म्हणून.

इथं कोणालाही बोलावून लावून घेता आलं असतं. पण त्यानं झाकण उघडलं असतं आणि चहाच्या टपरीवर तुमचं नाव निघालं असतं. पंकजनं पहिल्याच रात्री विचारलं, "आवाज कुठं गेला?" मी म्हटलं, "मीच बंद ठेवला, डोकं दुखते." तेव्हापासून त्याला वाटते आईचं डोकं दुखते. दुकानातून गोळ्या आणून ठेवल्या. लेकरू चांगलं आहे.

आणि मुका डबा म्हणता तसा तो नव्हता. बाई बोलायची, मी पाहायची, आणि मला वाटायचं तिकडे तुम्हीही असेच पाहत असाल. तेवढं पुरत होतं. पूर्वी आवाज होता तेव्हा मला एकटं वाटायचं.

लग्न साधं झालं. ऋतुजा रुळली. नवा टीव्ही अर्ध्या भिंतीएवढा आहे, कुठल्या देशाचा ते कंपनीच्या माणसालाही सांगता आलं नाही. दिवसभर त्याचा आवाज घरभर असतो. संध्याकाळी सातला तो माझ्या हाती येतो. काल मी आवाज बंद केला तर ऋतुजा म्हणाली, "आई, अशानं काय समजते?" मी म्हटलं, "बस ना माझ्याजवळ." ती बसली थोडा वेळ. मग उठून गेली. तिचं वय आहे.

तुम्ही भोपाळला जा. दामिनीकडेच तुमची जागा आहे. तिला माझा आशीर्वाद सांगा, तिला नको असेल तर मनात ठेवा. तिथं सातच्या बातम्या लावा, जो टीव्ही असेल त्याच्यावर.

जाताना पत्ता कळवा. अक्षर मोठं काढा, माझा चष्मा जुना झाला.

इकडे काही बिघडलेलं नाही. तरी पत्र टाका.

तुमची
इहीनबाई